दिसणें आणि उमगणें : पॉझिट्रॉन-चित्रणाची कथा



पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशीं सकाळीं मी एका रुग्णालयाच्या तळघरांतील बांकावर बसलों होतों. समोर एक जाड दार होतें, आणि त्या दारापलीकडील अंधुक खोलींत माझी पत्नी पांघरूण घेऊन निजली होती. रात्रीपासून तिनें पाण्याखेरीज कांहीं घेतलें नव्हतें. तिच्या हाताच्या शिरेंत एक औषध टोंचलें होतें, आणि पुढचा तासभर तिनें हालचाल करूं नये, वाचूं नये, बोलूंहि नये, अशी ताकीद होती. बोललें तर काय बिघडेल, असें मीं तेथील तरुण तंत्रज्ञास विचारलें. तो म्हणाला, "काका, बोललं कीं गळ्याचे स्नायू साखर ओढतात, आणि मग चित्रांत गळाच उजळतो." पस्तीस वर्षें ज्यानें बोलण्यावर पोट भरलें, त्या मास्तराला हें ऐकून गंमत वाटावी असा तो प्रसंग नव्हता, पण वाटली खरी. मीं पुन्हा विचारलें, "हें औषध आहे तरी काय?" त्यानें भिंतीवरील घड्याळाकडे पाहिलें. "एकशें दहा मिनिटांत त्यांतलं निम्मं नाहींसं होतं, काका. समजावून सांगायला वेळ नाहीं." आणि शिशाची एक जड पेटी उचलून तो निघून गेला.

त्याच्यापाशीं वेळ नव्हता. माझ्यापाशीं त्या दिवसांत वेळाखेरीज दुसरें कांहींच नव्हतें. पत्नीच्या छातींत गांठी दिसल्या होत्या, आणि त्या कशाच्या, ह्याचा निर्णय व्हावयाचा होता. मनाला कोठें तरी गुंतवावें म्हणून मी त्या एकशें दहा मिनिटांचा माग काढीत बसलों. ग्रंथालयांतून पुस्तकें आणलीं, डॉक्टर झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलें. मॅट्रिकपुरतें विज्ञान शिकलेल्या माणसाला त्यांतून जेवढें समजलें, तेवढें आज आपणांस सांगणार आहें. लोक ज्याला 'पेट स्कॅन' म्हणतात, त्या पॉझिट्रॉन-चित्रणाची ही कथा आहे. ती वाचतां वाचतां माझ्या ध्यानांत एक गोष्ट आली, ती ही कीं, ह्या इतिहासांत डोळ्यांना दिसणें आणि बुद्धीला उमगणें ह्यांमध्यें पदोपदीं अंतर पडलें आहे.

आरंभ सर्वांच्या परिचयाच्या गोष्टीपासून करूं. १८९५ सालीं जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. बोटांचीं हाडें आणि त्यांवरील अंगठी त्यांत स्पष्ट उमटलीं. देहाच्या आंत डोकावण्याची मानवाची इच्छा अशा रीतीनें प्रथमच सफल झाली. परंतु त्या चित्रांत एक उणीव होती, आणि ती अजूनहि क्ष-किरणांत आहे. हात जिवंत आहे कीं मृत, हें त्यावरून सांगतां आलें नसतें. क्ष-किरण वाड्याच्या भिंती दाखवितात. वाड्यांत चूल पेटली आहे कीं नाहीं, हें दाखवीत नाहींत. रोग पुष्कळदां भिंत ढासळण्यापूर्वींच चुलीशीं सुरू झालेला असतो.

चूल कशी पाहावी, ह्याची युक्ति प्रथम एका फसलेल्या प्रयोगांतून निघाली. १९११ च्या सुमारास जॉर्ज हेवेशी हे हंगेरियन तरुण मँचेस्टर येथें रदरफोर्ड ह्यांच्या हाताखालीं काम करीत होते. 'रेडियम डी' नांवाचा किरणोत्सर्गी पदार्थ शिशापासून वेगळा काढण्याचें काम गुरूंनीं त्यांना सांगितलें. पुष्कळ खटपट करूनहि तें साधेना, कारण तो पदार्थ म्हणजे शिसेंच होतें, फक्त किरण सोडणारें. दुसरा एखादा हताश झाला असता. हेवेशींनीं विचार उलटा फिरविला : हीं दोन शिशीं जर निराळीं करतां येत नाहींत, तर किरण सोडणारें शिसें चिमूटभर मिसळून साध्या शिशाचा प्रवास कां पाहूं नये? ते ज्या खानावळींत जेवीत, तेथील बाई रविवारचें उरलेलें मांस पुढें आठवडाभर रूप बदलून वाढते, असा त्यांना संशय होता. त्यांनीं एकदां ताटांत उरलेल्या अन्नावर किरणोत्सर्गी द्रव्य टाकलें, आणि पुढें वाढलेल्या पदार्थाजवळ विद्युद्दर्शक यंत्र नेलें, तों चोरी उघड झाली, असें सांगतात. पुढें १९२३ सालीं त्यांनीं ह्याच युक्तीनें वालाच्या जातीच्या रोपट्यांत मुळांवाटे शिसें कसें वर चढतें, तें पाहिलें. १९४३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना ह्या मागोव्याच्या पद्धतीबद्दल मिळालें. अन्नाबरोबर हेर पाठवावा आणि हेराच्या हांकेवरून अन्नाची वाट ओळखावी, ही ती पद्धति. परंतु शिसें देहाला परकें, किंबहुना विषारी. माणसाच्या देहांत बिनबोभाट मिसळेल असा हेर हवा होता.

तो हेर यावयाचा होता एका अगदीं वेगळ्या दिशेनें. १९२८ सालीं केंब्रिज येथील पॉल डिरॅक ह्यांनीं इलेक्ट्रॉनसंबंधीं एक समीकरण मांडलें. त्याला दोन उत्तरें येत : एक आपल्या परिचयाच्या ऋण इलेक्ट्रॉनाचें, आणि दुसरें अर्थ न लागणारें. आम्ही शाळेंत वर्गसमीकरण सोडविल्यावर नको तें उत्तर 'अग्राह्य' म्हणून खोडावयास सांगतों. डिरॅकनीं तें खोडलें नाहीं. १९३१ सालीं त्यांनीं सांगून टाकलें, कीं इलेक्ट्रॉनाएवढाच, पण धन विद्युत् असलेला एक कण सृष्टींत असला पाहिजे. पुढच्याच वर्षीं, २ ऑगस्ट १९३२ रोजीं, अमेरिकेंत कॅलिफोर्निया येथें कार्ल अँडरसन ह्यांनीं आकाशांतून येणाऱ्या किरणांचें छायाचित्र घेतलें. त्यांत बाष्पपात्रामधील शिशाच्या पत्र्यांतून आरपार गेलेली एक बारीक रेषा होती. चुंबकाच्या प्रभावानें ती वळली होती, पण इलेक्ट्रॉन वळावा त्याच्या उलट दिशेनें. अँडरसन तेव्हां अवघे २६ वर्षांचे होते. तोच पॉझिट्रॉन.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. असल्या रेषा अँडरसन ह्यांच्यापूर्वींहि इतरांना दिसल्या होत्या. पॅरिसमध्यें मादाम क्यूरी ह्यांची कन्या इरेन आणि जामात फ्रेडरिक जोलियो ह्यांच्या छायाचित्रांतहि त्या उमटल्या होत्या. परंतु उलट दिशेनें येणारे साधे इलेक्ट्रॉन असतील, असें समजून त्यांनीं त्या सोडून दिल्या. त्याच वर्षीं न्यूट्रॉनाचा पुरावाहि त्यांच्या हातीं आला होता. त्यांनीं त्याला गॅमा किरण मानलें, आणि शोधाचा मान चॅडविक ह्यांना गेला. एका वर्षांत दोनदां दार ठोठावून भाग्य परत जावें, ह्याहून दुःखदायक काय असेल?

परंतु तीं दोघें मागें हटलीं नाहींत. जानेवारी १९३४ मध्यें त्यांनीं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियममधून निघणाऱ्या कणांचा मारा केला. मारा थांबविला, पोलोनियम दूर नेलें, तरी पत्र्यांतून पॉझिट्रॉन निघतच राहिले, आणि सुमारें तीन मिनिटांत त्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. ह्या खेपेस मात्र त्यांनीं दिसलेल्या गोष्टीकडे पाठ फिरविली नाहीं. ॲल्युमिनियमचा फॉस्फरस झाला होता, निसर्गांत न सांपडणारा, किरण सोडणारा फॉस्फरस. मनुष्यानें स्वतःच्या हातानें किरणोत्सर्गी द्रव्य निर्माण केलें होतें. वृद्ध मादाम क्यूरींना हें यश पाहावयास मिळालें. त्याच वर्षीं ४ जुलैला त्यांचें देहावसान झालें. पुढील वर्षीं कन्या-जामातांना नोबेल पारितोषिक मिळालें.

ही वार्ता अमेरिकेंत बर्कले येथें पोहोंचली, तेव्हां अर्नेस्ट लॉरेन्स ह्यांच्या प्रयोगशाळेंत काय झालें, तें ऐकण्यासारखें आहे. लॉरेन्स ह्यांनीं सायक्लोट्रॉन नांवाचें यंत्र बांधलें होतें. चुंबकाच्या कुशींत कणांना गोलगोल फिरवून त्यांचा वेग वाढवावयाचा आणि मग तीं लक्ष्यावर सोडावयाची, असें त्याचें काम. पॅरिसच्या दांपत्यापाशीं होतें त्याच्या कितीतरी पट बळ ह्या यंत्रांत होतें, आणि किरणोत्सर्गी द्रव्यें त्यांत रोज निर्माण होत होतीं. पण सायक्लोट्रॉन आणि किरण मोजणारें यंत्र हीं दोन्ही एकाच खटक्यावर जोडलेलीं होतीं! मारा थांबविण्यासाठीं खटका बंद केला, कीं मोजणी करणारें यंत्रहि मुकें होई. मागाहून द्रव्य बोलत राही, पण ऐकावयास कोणी जागें नसे. पॅरिसचें वृत्त वाचल्यावर त्यांनीं खटके वेगळे केले, आणि थोड्याच वेळांत मोजणी-यंत्राची टकटक प्रयोगशाळेंत ऐकूं आली. मोठें यंत्र जवळ असणें म्हणजे मोठी दृष्टि जवळ असणें नव्हे, हा धडा मीं त्या दिवसांत वहींत लिहून ठेवला.

सायक्लोट्रॉनमुळें हवा होता तो हेर हातीं आला. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन हीं तर देहाचीं घरचींच मूलद्रव्यें. त्यांचीं पॉझिट्रॉन सोडणारीं रूपें आतां बनवितां येऊं लागलीं. अडचण आयुष्याची होती. ऐसें ऑक्सिजन दोन मिनिटांत निम्मे होतें, नायट्रोजन दहा मिनिटांत, कार्बन वीस मिनिटांत. फ्लुओरिन मात्र सुमारें एकशें दहा मिनिटें टिकतें. माझ्या तंत्रज्ञ मित्राच्या घड्याळाचें मूळ हें.

आतां हा हेर हांक कशी देतो, तें सांगतों. देहांत बाहेर पडलेला पॉझिट्रॉन मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो न जातो, तोंच त्याची एका इलेक्ट्रॉनाशीं गांठ पडते. धन आणि ऋण भेटले, कीं दोघांचाहि लोप होतो, आणि त्यांच्या जागीं दोन गॅमा किरण जवळजवळ बरोबर विरुद्ध दिशांनीं सुटतात. देहाच्या दोन्ही बाजूंस स्फटिक ठेवावे. एका सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागाच्या आंत दोन्ही स्फटिक चमकले, तर समजावें, कीं मृत्यु त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कोठें तरी घडला. अशा लक्षावधि रेषा काढल्या, कीं त्या जेथें दाट छेदतात, तेथें हेरांची वस्ती दाट. हेर आपल्या जिवंतपणीं कांहींच सांगत नाहीं. त्याचा लोप हीच त्याची वार्ता. बॉस्टन येथें गॉर्डन ब्राउनेल आणि शस्त्रवैद्य विल्यम स्वीट ह्यांनीं डोक्याच्या दोन बाजूंस दोन स्फटिक धरून मेंदूंतील गांठी हुडकण्याचा प्रयोग केला, आणि १९५३ सालीं तो प्रसिद्ध झाला. कागदावर उमटलेल्या खुणांचें तें चित्र आज अगदीं ओबडधोबड वाटतें. तरी कवटी न उघडतां मेंदूंतील हालचालीची खूण त्यांत मिळाली होती.

पुढील वीस वर्षें ह्या खुणांचें रेखीव चित्र कसें करावें, ह्या विवंचनेंत गेलीं. फिलाडेल्फिया येथील डेव्हिड कूल ह्यांनीं देहाचा आडवा छेद किरणांवरून रेखण्याचा मार्ग काढला. लंडनला हॅमरस्मिथ रुग्णालयांत १९५५ सालीं सायक्लोट्रॉन बसला. क्षणभंगुर द्रव्यें रोग्याच्या उशाशींच तयार व्हावीं, हा हेतु. १९७१ च्या ऑक्टोबरांत हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्रानें क्ष-किरणांच्या साह्यानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचा छेद दाखविला, आणि असल्या चित्रांचें गणित संगणकाला करतां येतें, हें जगाला पटलें. मग सेंट लुई येथें मिशेल टर-पोगोसियन, मायकेल फेल्प्स आणि एडवर्ड हॉफमन ह्यांनीं देहाभोंवतीं स्फटिकांचें षट्कोनी कडें उभारलें, आणि १९७५ सालीं त्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. आज रोग्याची शय्या ज्या कड्यांतून सरकते, तें त्याच षट्कोनाचें वंशज.

डोळा तयार झाला; आतां पाहावयाचें काय? सर्व पेशींचें सामाईक इंधन म्हणजे साखर, ग्लुकोज. बर्लिन येथील ऑटो वॉरबुर्ग ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच दाखविलें होतें, कीं कर्करोगाच्या पेशी साखरेचा अधाशासारखा फडशा पाडतात. पण साधी साखर हेर म्हणून निरुपयोगी. कारण पेशींत शिरतांच तिचें पचन होऊन तिचे अंश चहूंकडे पांगतात. अमेरिकेंत लुई सोकोलॉफ ह्यांनीं ह्यावर एक फसवी साखर योजिली. तिच्या रेणूंतील एक ऑक्सिजन काढून टाकलेला असतो. पेशी तिला खरी समजून आंत घेते, तिच्यावर पहिला संस्कारहि करते, आणि दुसऱ्या पायरीवर सारें अडतें. ना पुढें पचन, ना मागें परत येणें. चक्रव्यूहांत शिरलेल्या अभिमन्यूचीच ही स्थिति. जी पेशी अधिक भुकेली, तिच्यांत अधिक अभिमन्यु अडकतात.

त्या साखरेला फ्लुओरिन जोडण्याची कृति प्राग येथें योसेफ पात्साक ह्यांच्या प्रयोगशाळेंत १९६८ च्या सुमारास निघाली. त्यांना देहाचीं चित्रें घ्यावयाचीं नव्हतीं. शर्करांचें रसायन हाच त्यांचा विषय. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील ब्रूकहेवन प्रयोगशाळेंत तात्सुओ इडो, जोआना फाउलर आणि आल्फ्रेड वुल्फ ह्यांनीं तेथें किरणोत्सर्गी फ्लुओरिन बसविलें. १९७६ च्या ऑगस्टांत एके दिवशीं ती साखर सिद्ध झाली. पण चित्र घेण्याची सोय होती फिलाडेल्फियाला. दर एकशें दहा मिनिटांस मालाचा निम्मा भाग वाटेंतच नाहींसा होणार! तेव्हां विमानानें ती कुपी फिलाडेल्फियाला नेली, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत अब्बास अलावी ह्यांनीं ती दोन निरोगी स्वयंसेवकांस टोंचली. त्यांच्या मेंदूंचीं चित्रें उमटलीं. पुढें १९८६ सालीं जर्मनींत युलिश येथें हमाखर, कोनेन आणि श्टॉकलिन ह्यांनीं ही साखर भरपूर आणि झटपट करण्याची रीत काढली, तेव्हां ती गांवोगांवच्या रुग्णालयांना मिळूं लागली.

मला ह्या सर्व कथेंत एक गोष्ट फार सुंदर वाटली. हेराचें काम संपल्यावर त्या फ्लुओरिनाचें रूपांतर ऑक्सिजनांत होतें. म्हणजे जी उणीव करून साखर फसवी केली होती, तीच भरून निघते. मग पेशी तिचें नेहमींसारखें पचन करते. चक्रव्यूहांतील अभिमन्यूला ह्या कथेंत शेवटीं वाट सांपडते.

ह्या डोळ्यानें गेल्या पन्नास वर्षांत संशोधकांनीं पुष्कळ कांहीं पाहिलें. १९८३ सालीं बाल्टिमोर येथील हेन्री वॅग्नर ह्यांनीं मेंदूंतील डोपामिन द्रव्याचीं ग्रहणस्थानें प्रथम दाखविलीं. त्यासाठीं ते स्वतःच यंत्राखालीं निजले. त्याच वर्षीं कॅनडांत कंपवाताच्या अभ्यासासाठीं डोपामिनच्या साठ्याचें चित्र घेण्याचा मार्ग मोकळा झाला. अल्झायमर ह्या स्मृतिनाशाच्या रोगांत मेंदूंत एका प्रथिनाचीं किटणें सांचतात. पूर्वीं तीं केवळ मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत. पिट्सबर्ग येथील विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस ह्यांनीं त्या किटणांना चिकटणारें द्रव्य तयार केलें, आणि २००२ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें जिवंत माणसाच्या मेंदूंत तीं प्रथम दिसलीं. पण येथेंहि तीच गांठ! कित्येक वृद्धांच्या मेंदूंत किटणें स्पष्ट दिसतात, आणि स्मृति मात्र शाबूत असते. त्यांना पुढें रोग होणार, कीं किटणांखेरीज आणखी कांहीं कारण लागतें, ह्याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

मला सर्वांत अधिक हेलावून सोडलें तें केंब्रिज येथील १९९७ मधल्या एका प्रसंगानें. एक तरुण शिक्षिका आजारानें बेशुद्ध होऊन मग अशा अवस्थेंत गेली होती, कीं डोळे उघडे, पण हांकेला ओ नाहीं, दृष्टीला दिशा नाहीं. एड्रियन ओवेन आणि डेव्हिड मेनन ह्यांच्या मंडळीनें तिला पॉझिट्रॉनच्या कड्यांत ठेवून तिच्या आप्तांचीं छायाचित्रें दाखविलीं. दोन मिनिटांत निम्मे होणारें ऑक्सिजन पाण्यावाटे तिच्या रक्तांत सोडलें होतें. ओळखीचे चेहरे समोर येतांच, निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग चेहरे पाहून जागा होतो, तोच तिच्याहि मेंदूंत उजळला. पुढें ती हळूहळू सुधारली, आणि अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आपलें मनोगत सांगूं लागली. ह्या एका उजेडावरून तिला त्या क्षणीं जाणीव होती, असें म्हणावें का? तज्ज्ञांनीं तेव्हांहि तसें एकदम म्हटलें नाहीं, कारण मेंदूचा भाग आपोआपहि जागा होऊं शकतो. परंतु ज्या खोलींत कोणीच नाहीं असें मानलें जात होतें, तेथें पुन्हा दार ठोठावून पाहिलें पाहिजे, एवढें त्या उजेडानें शिकविलें. वर्गांत मागच्या बांकावर मुकाट बसणाऱ्या किती मुलांना मीं मंद ठरविलें असेल, हा विचार ती हकीकत वाचतांना माझ्या मनांत आला, आणि तो सुखाचा नव्हता.

आपल्या देशांत हें तंत्र प्रथम मुंबईंत आलें. भाभा अणुसंशोधन केंद्रानें १९६३ सालीं स्थापिलेल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें २००२ सालीं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पॉझिट्रॉन-चित्रणाचें यंत्र सुरू झालें. त्यापूर्वींच, १९९८ सालीं, पिट्सबर्ग येथें डेव्हिड टाउनसेंड आणि रॉन नट ह्यांनीं हें यंत्र क्ष-किरणांच्या छेद-चित्रणाशीं जोडून एक केलें होतें; भिंती आणि चूल हीं दोन्ही एकाच चित्रांत! तसलें जोडयंत्र परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयांत २००४ सालीं आलें. आतां मोठ्या शहरांतून तें ठिकठिकाणीं आहे, आणि म्हणूनच माझ्यासारख्या सामान्य गृहस्थावर त्या तळघरांतील बांकावर बसण्याचा प्रसंग आला.

त्या प्रसंगाचा शेवट सांगावयाचा राहिला आहे. दोन दिवसांनीं अहवाल आला. मुलानें तो आपल्या दूरध्वनीवर वाचला, आणि वाचतां वाचतां गप्प झाला. छातींतील गांठी प्रखर उजळल्या होत्या. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी जेवलें नाहीं. शेजारच्यांनीं दोन नांवाजलेल्या डॉक्टरांचे पत्ते आणून दिले; एका नातलगानें कसलासा काढाहि पाठविला. पत्नी मात्र शांत होती. ती म्हणाली, "अजून कुणी नांव घेतलेलं नाहीं. तुम्हीच कां घेतां?"

आमचे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनीं चित्र पडद्यावर दाखविलें. मेंदू उजळ होता, हृदय उजळ होतें, मूत्राशय उजळ होता; हें सर्व निरोगी माणसांतहि असतेंच, असें त्यांनीं सांगितलें. मग गांठींकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, इथं कांहीं तरी साखर खातंय, एवढंच हें यंत्र सांगतं. कोण खातंय, त्याचं नांव चित्रावर लिहिलेलं नसतं." कर्करोगाच्या पेशी जशा भुकेल्या, तशाच रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या आपल्या स्वतःच्या पेशीहि भुकेल्या असतात. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांश आपल्या देशांत आहेत. त्यामुळें परदेशच्या पुस्तकांत अशा उजेडाचा जो अर्थ लिहिलेला असेल, तोच येथें लावला तर घात होईल. सुईनें गांठीचा कण काढून तो तपासावाच लागेल, असें त्यांनीं निक्षून सांगितलें.

तो कण तपासून येईपर्यंतचे दिवस कसे गेले, त्याचें वर्णन करीत नाहीं. तो क्षय निघाला. ज्या रोगाच्या नुसत्या नांवानें माझ्या आजोबांच्या पिढीचा थरकांप होई, त्याचें नांव ऐकून माझ्या घरांत सुटकेचे अश्रू आले. सहा महिने नेमानें गोळ्या झाल्या. आज ती बरी आहे, आणि हें भाषण लिहितांना मीं वेलांटी कोठें चुकविली, तें मागें उभी राहून सांगत आहे.

शेजाऱ्यांपैकीं कोणी म्हणतात, मग एवढ्या मोठ्या यंत्रानें काय साधलें? शेवटीं सुईच टोंचावी लागली ना! मला तसें वाटत नाहीं. कोणत्या गांठींत सुई टोंचावी, हें त्या चित्रानेंच दाखविलें. आणि कर्करोगांत तर रोग कोठवर पसरला, औषध लागू पडतें आहे कीं नाहीं, हें दाखवून तें रोज कितीकांना व्यर्थ शस्त्रक्रियेपासून वांचवितें. तें आपलें काम चोख करतें. आपणच त्याला आपलें काम सांगूं पाहतों, ही चूक. पॅरिसच्या दांपत्यानें दोनदां हातचा शोध गमावला, तो त्यांचें यंत्र हलकें होतें म्हणून नव्हे. बर्कलेचें यंत्र तर जगांत सर्वांत बलाढ्य होतें. उमगण्याचें काम तेव्हांहि माणसाचें होतें, आणि आजहि माणसाचेंच आहे.

तेव्हां आपणांपैकीं कोणावर तसा प्रसंग न येवो. पण आला, तर हातांत अहवाल पडतांच उजळलेल्या ठिपक्यांचे अर्थ घरच्या घरीं लावीत बसूं नका. त्या उजेडाचें नांव काय, हें तें नांव शोधणाऱ्यालाच विचारा, आणि त्याचें उत्तर येईपर्यंत नेहमींच्या वेळीं जेवून घ्या. आम्हीं तें केलें नाहीं, म्हणून सांगतों.